पाहुण्या पुस्तकांचे सर

टपालाचं पार्सल टेबलावर आलं की बाकीची माणसं शर्टाच्या बाह्या वर सारतात. आमचे सर बाह्या खाली घ्यायचे. मनगटाची बटणं लावायचे, गळ्याचं बटण लावायचे, मागच्या नळावर जाऊन हात धुवायचे, पुसलेले हात थोडा वेळ पंख्याखाली धरायचे आणि मगच कात्री उचलायचे. नांदेडचा मे महिना, कूलर नुसता आवाजापुरता, आणि हा माणूस सोयरे दारात उभे असल्यासारखा बंद गळ्यानं सुतळी कापतोय. आतून निघायचं एखादं पुस्तक, तेही आमचं नव्हे. पुण्याहून, हैदराबादहून, कधी म्हैसूरहून थोड्या दिवसांसाठी मागवलेलं. सर ते दोन्ही हातांनी उचलायचे, कोपरे बघायचे, पाठीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "लई हाल झाले वाटतं रस्त्यात."

नांदेडच्या एका जुन्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात ते ग्रंथपाल होते. त्यांच्या टेबलामागे 'आंतरग्रंथालयीन देवघेव' अशी पाटी होती. ती मोठ्यानं वाचताना सगळ्यांचीच जीभ अडखळायची. सर स्वतः तो शब्द कधी वापरत नसत. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून आलेलं पुस्तक म्हणजे पाहुणा, एवढं साधं होतं त्यांचं. कुणी 'उसनं पुस्तक' म्हटलं तर त्यांना राग यायचा. उसनी साखर आणतात, पीठ आणतात, ते संपवून दुसरं परत देतात, असं ते म्हणायचे. पाहुणा तोच यावा लागतो आणि तोच परत जावा लागतो. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव पाहुणेसर पाडलं. ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका वाडीवरची. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण आपणहून कुणी विचारत नाही. वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल. आई त्याच बाजारात झाडणारी. मापं झाली, पोती शिवली गेली, गाड्या निघाल्या की ओट्यावर आणि रस्त्यावर सांडलेली तूर, हरभरा, करडई झाडून, पाखडून घरी न्यायची, हे तिचं काम. तिच्या आधी तिच्या सासूचं. आमच्यात त्या धान्याला झाडण म्हणायचे. पीएच.डी.साठी मी विषय घेतला तो हाच: निजामाच्या काळापासून आमच्या भागातल्या धान्य बाजारात राबणारी माणसं. विषय कसा सुचला, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं. सुचला नाही मॅडम, मी त्याच्यावरच वाढले, असं मी सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात मी एक पुस्तक मागायला गेले. संगणकावर शोधलं, नव्हतं. बरं, म्हणून मी वळले. मला वाटायचं, आपल्या ग्रंथालयात नाही म्हणजे ते आपल्यासाठी नाहीच. गावात दुकानात नसलेली वस्तू जशी आपल्यासाठी नसते, तसं. मागून आवाज आला, "आपल्याकडं न्हाई म्हणजे दुनियेत न्हाई, असं कुणी सांगितलं तुला, माय?"

सर सगळ्या मुलींना माय म्हणत आणि मुलांना बाबा. त्यांनी मला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं, की आपलं ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडं मागणी करू शकतं, ते पुस्तक पाठवतात, आपण वाचून परत करायचं. मी पदवी घेतली, एम.ए. केलं, पण एवढी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. ज्यांच्या घरात शिकलेली माणसं असतात त्यांना ती जेवता जेवता कळत असेल. मला ती पाहुणेसरांच्या टेबलासमोर कळली, आणि त्या दिवशी मी खोलीवर परतले ते जगात आपले बरेच नातेवाईक निघाल्यासारखी.

मागणी नीट केली पाहिजे, याबाबत ते फार कडक. एकदा माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, सर, लेखक आठवत नाही, साल माहीत नाही, पण पुस्तक निळं आहे. सरांनी चष्मा काढला. "बाबा, तुझ्यासाठी पोरगी बघायला जायची असली तर घरच्यांना काय सांगशील? नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई, पण साडी निळी व्हती?" मुलगा लाजला, आम्ही हसलो. मग सरांनीच तासभर संगणकावर बसून ते निळं पुस्तक शोधून काढलं. निघालं हिरवं.

पाहुण्यांचं टेबल खिडकीपाशी, ऊन न येणाऱ्या बाजूला होतं. तिथंच बसून वाचायचं. चहा नाही, शाईचा पेन नाही, पुस्तक पालथं घालून ठेवायचं नाही. घरी न्यायचा तर प्रश्नच नाही. एक बडे विभागप्रमुख होते, त्यांनी शिपायाला पाठवून एक पाहुणा घरी मागवला. सरांनी शिपायाला परत पाठवलं. मग विभागप्रमुख स्वतः आले आणि म्हणाले, मी काय पळवून नेणार आहे का? सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "सर, पाहुणा माझ्या घरी उतरलाय. त्याला मी तुमच्या घरी मुक्कामाला कसा पाठवू? तुम्हीच या भेटायला." विभागप्रमुखांनी पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरांनी मात्र ते पुस्तक त्यांच्यासाठी मुदत संपेपर्यंत टेबलावर मांडून ठेवलं होतं, खुर्ची ओढून.

पाहुणा आला आणि ज्यानं बोलावलं तोच गायब, हे तर त्यांना मुळीच सहन होत नसे. एकदा सोयाबीनच्या काढणीला मी गावी गेले होते. रानातच फोन वाजला. "पाहुणे येऊन बसलेत आणि तू तिकडं काय करून राहिलीस?" मी काढणीचं सांगितलं. "हाव, काढणी तर झालीच पाहिजे," ते म्हणाले. "पण पाहुण्याला काय सांगू मी?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. अहमदपूरला गाडी बदलून नांदेडला पोचेपर्यंत आईचे शब्द कानात होते. तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. आई बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "आमचे पाहुणे येणार म्हणलं की हिच्या अंगात ताप भरतो. त्या मास्तरचे पाहुणे आले की टपावर बसून बी जाईल."

पण सरांचं खरं वेगळेपण दिसायचं ते पाहुण्याला निरोप देताना. पुस्तक आलं तसंच परत पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. सुटलेलं पान गव्हाच्या खळीनं चिकटव, मुडपलेला कोपरा वजनाखाली सरळ कर, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं वेष्टण घाल, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेव, असं काहीतरी केल्याशिवाय पार्सल बांधलं जात नसे. जास्त मोडलेला पाहुणा जुन्या नांदेडातल्या एका बाइंडरकडं जायचा. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. आमच्याकडं राहून गेला हे त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे, असं सर म्हणायचे. आणि ते दिसत होतं. लांबलांबची ग्रंथालयं, जी दुसऱ्या कॉलेजांना ताकास तूर लागू देत नसत, ती आमच्या सरांच्या एका फोनवर पुस्तक पाठवायची.

मला याचा उपयोग झाला तो नेमका गळ्याशी आल्यावर. प्रबंध दाखल करण्याआधी एक शोधनिबंध छापून यावा लागतो, आणि माझी मुदतवाढ संपत आली होती. निबंध मी एका जर्नलकडं पाठवला. त्यात माझं म्हणणं असं होतं, की झाडण नेणं हा त्या बायकांचा परंपरेनं मानलेला हक्क होता. व्यापाऱ्यांनी दया म्हणून दिलेलं दान नव्हतं. परीक्षकांनी निबंध परत पाठवला. भाषा सभ्य होती. पुरावा केवळ लेखिकेची आई आणि इतर बायका यांच्या बोलण्याचा आहे, लेखी आधार द्यावा किंवा हे विधान वगळावं. मार्गदर्शक मॅडम चांगल्या होत्या, माझ्या काळजीनंच म्हणाल्या, एक परिच्छेद तर काढायचाय, काढून टाक आणि सुटका करून घे. मी म्हटलं, मॅडम, तो परिच्छेद काढला तर उरलेला निबंध कुणीही लिहिलेला असू शकतो.

आईला हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही. "भीक नव्हती ती," ती म्हणाली. "कुणी वरून टाकलेलं आम्ही कधी न्हाई उचललं. एवढं लिही त्यांना." मी काय लिहिणार होते? तेच तर लिहिलं होतं.

आता सगळं मोबाइलवर मिळतं, असं लोक म्हणतात. माझं मिळत नव्हतं. दुसऱ्या एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत मला निजामाच्या काळातल्या बाजारांच्या तपासणीचा एक इंग्रजी अहवाल सापडला. सरांनी शोधलं तेव्हा त्याची एकच प्रत दिसली, हैदराबादच्या एका जुन्या ग्रंथालयात, आणि पुढं शेरा: बाहेर दिली जात नाही. सरांनी फोन लावला. देगलूरकडचा माणूस, हैदराबादी बोली त्यांच्या तोंडात पाण्यासारखी. बराच वेळ हौ, नक्को, जी मॅडम असं चाललं. तिकडच्या ग्रंथपालबाईंना आठवत होतं, की त्यांचं एक साधं पुस्तक पूर्वी कधीतरी नांदेडहून परत आलं ते नवं कापड नेसून आलं होतं. तेवढ्या ओळखीवर त्यांनी अहवाल पाठवायचं कबूल केलं.

पार्सल आलं. सरांनी गळ्याचं बटण लावलं. लाल कापडाचं पुस्तक, पाठ पूर्ण तुटलेली, पानं हातात येतील की काय अशी. मी दोन दिवस त्यावर बसले. शेवटी झाडणीचा उल्लेख सापडला, पण किती? की सांडलेल्या धान्याची विल्हेवाट त्या त्या गावच्या रिवाजानं लागते. संपलं. रिवाज काय, कुणाचा, एक अक्षर नाही. मी पुस्तक मिटायला घेतलं.

"थांब," सर म्हणाले. ते माझ्या मागं कधी येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं. समासात, अगदी कडेला, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. मला त्या नुसत्या रेघोट्या वाटल्या होत्या. उर्दू होती ती. सरांचे वडील निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांनी मुलाला उर्दू गिरवायला लावली होती. सर कागदाला बोट न लावता, वरच्या वर बोट सरकवत, शाळकरी पोरासारखं अडखळत वाचू लागले. एका शब्दाशी थांबले. तो शब्द होता हक. पुढं जुळवत गेले तसं कळलं, की कुण्या जुन्या अधिकाऱ्यानं ते लिहून ठेवलेलं होतं: बाजार झाडणाऱ्या बायकांचा सांडलेल्या धान्यावर हक आहे, आडत्यानं तो अडवू नये, ही खैरात समजू नये.

मी म्हटलं, सर, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी देवनागरीत उतरवून घेतलं. घाईघाईत अक्षर माझंच मला ओळखू येईना. सर म्हणाले, आईला फोन लाव. मी नाही लावला. छापून आल्यावर सांगू म्हटलं.

जर्नलला त्या समासाचा फोटो पाठवायला हवा होता. फोन माझ्या हातातच होता. पण पाहुण्याचा फोटो त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, हा सरांचा नियम, आणि तो मला मान्य होता. त्यांनी लगेच हैदराबादला परवानगी मागितली. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात परतीची तारीख जवळ आली, आणि तुटक्या पाठीनं पाहुणा घरी कसा पाठवायचा? सरांनी तो चाचांकडं नेऊन दिला आणि एवढंच सांगितलं, की पाठ बसवून द्या, पाहुणा हैदराबादला चाललाय.

परवानगी आली त्या दिवशी मी जिना चढून धावतच गेले. टेबलावर पार्सल नव्हतं, तरी सरांच्या गळ्याचं बटण लावलेलं होतं. पुढ्यात पुस्तक होतं, नव्या लाल कापडातलं, तिन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत.

"उघडू नको, माय," ते म्हणाले. "आधी ऐक. चाचानं कडा कापल्या. नको कापू म्हणून मी सांगितलं न्हाई. पाहुण्याची जीभ कापली मी."

तरी मी उघडलं. छापील मजकूर जिथल्या तिथं होता. समास अर्धा उरला होता, आणि त्यावर पेन्सिलीच्या दोन-तीन टोकांशिवाय काही नव्हतं.

आम्ही चाचांकडं गेलो. कडांची कात्रणं त्यांनी नेहमीसारखी बांगड्यांच्या दुकानात पॅकिंगला देऊन टाकली होती. आम्ही तिथंही गेलो. कात्रणं बांगड्यांबरोबर गावोगाव निघून गेली होती. काय झालं ते कळल्यावर चाचा कागद कापायच्या मशीनच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सर, मैंने तो आपकी इज़्ज़त के वास्ते अच्छा करके दिया." सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी सर त्यांच्याशी एक शब्दही कडू बोलले नाहीत. मी बोलले असते, पण सर समोर होते.

कॉलेजच्या कार्यालयातल्या अधीक्षकांचा सल्ला सरळ होता. बाइंडिंग झकास झालंय, परत पाठवा, ते उलट आभार मानतील. समास कोण बघतो? तुम्ही निवृत्तीला आलात, लेखी काही देऊ नका, उगाच चौकशी मागं लागेल. सल्ला व्यवहाराचा होता, हे मी नाकारत नाही. पण मग माझं काय होणार होतं? उर्दू न वाचता येणारी एक बाई म्हणते, की आता अस्तित्वात नसलेल्या एका टिपेत तिच्या आईच्या बाजूनं लिहिलेलं होतं. मी परीक्षक असते तर मीही हसले असते. हे मी सरांना बोलून दाखवलं नाही. ते आधीच कागद घेऊन बसले होते.

"तुझ्या निबंधात तळटीप असती ना, तिथं लिही," ते म्हणाले. त्यांनी मराठीत सांगायचं आणि मी इंग्रजीत करायचं, असं ठरलं. टीप कुठल्या पानावर होती, कुणी वाचली, काय वाचली, आणि मग ती कशी गेली. मी लिहिलं, की दुर्दैवानं बांधणीच्या वेळी समास कापला गेला. सरांनी मला ते मराठीत करून सांगायला लावलं आणि मान हलवली. "दुर्दैवानं कशाला? दैवानं कात्री चालवली का? ग्रंथपालानं सूचना दिली न्हाई म्हणून कापला गेला, असं लिही. आणि नाव टाक माझं. नुसतं ग्रंथपाल म्हणशील तर माझ्या मागून येणाऱ्याच्या डोक्यावर बसंल ते."

मी म्हटलं, सर, हे छापलं जाईल. कायमचं राहील.

"म्हणून तर," ते म्हणाले.

पुस्तक त्यांनी टपालानं पाठवलं नाही. स्वतः घेऊन निघाले, आणि मीही बरोबर गेले. नांदेडपासून हैदराबादपर्यंत त्यांनी ते मांडीवर धरलं होतं. वरच्या फळीवर ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही. तिकडच्या ग्रंथपालबाई आमच्या सरांच्याच वयाच्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, नव्या पाठीवरून बोट फिरवलं, अगदी सर फिरवायचे तसं. मग कापलेली कड बघितली. त्या पानावर उर्दूत काही लिहिलेलं होतं हे आपल्याला आठवतं, पण आपण ते कधी वाचलं नाही, असं त्या म्हणाल्या. जर्नलनं विचारलं तर तेवढं सांगायलाही तयार झाल्या. त्यांनी आम्हाला चहा दिला. कप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "अब किताब उधर नहीं आएगी, सर. आप लोगां आओ, इधर बैठ के पढ़ो."

"बराबर है, मॅडम," सर म्हणाले.

येताना बासरला गाडी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी गळ्याचं बटण काढलं आणि खिडकीकडं तोंड करून बसले. मी डबा उघडला आणि भाकरी पुढं केली. त्यांनी घेतली.

पुढं त्यांनी एक गोष्ट केली, जी मला आजही अवघड वाटते. ज्या ज्या ग्रंथालयाकडं मागणी करायची, त्यांना आधी घडलेलं सांगायचे आणि मग पुस्तक मागायचे. काहींनी पाठवणं बंद केलं. बरेच जण पाठवत राहिले. पाहुणे कमी झाले, पण टेबल खिडकीपाशीच राहिलं.

माझा निबंध स्वीकारला गेला. परीक्षकांनी कळवलं, की ज्यानं टीप वाचली त्यानं तिच्या नाशाची जबाबदारीही स्वतःच्या नावानं घेतली आहे, तेव्हा त्याच्या वाचनावर अविश्वास दाखवायला कारण दिसत नाही. परिच्छेद जसाच्या तसा छापून आला. मी गावी गेले आणि आईला तो मराठीत वाचून दाखवला. ती हरभरा निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "एवढ्याला कागद लागला व्हय? मी सांगतच व्हते की." मग जरा वेळानं म्हणाली, "ते मास्तर, ज्यांनी नाव दिलं, त्यांना एकदा जेवायला बोलीव." सर आले. लातूरपर्यंत एसटीनं आणि तिथून वाडीवर वडिलांच्या सायकलमागं बसून. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. आईनं वाढलं आणि ते पोटभर जेवले. दोघं काय बोलले म्हणाल तर हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलले.

निवृत्त झाल्यावर ते देगलूरजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. मला लातूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. खंगले होते, पण ओसरीवर खुर्चीत ताठ बसले होते. नोकरीपेक्षा त्यांनी आधी विचारलं, तुमच्या कॉलेजात पाहुणे येतात का? मी म्हटलं, येतील सर, मी बोलावीन. तुमच्यासारखं वेष्टण घालून, कडुलिंब ठेवून परत पाठवीन.

"नको," ते म्हणाले. "आला तसा जाऊ दे. फाटला असंल तर फाटका. मी आयुष्यभर पाहुण्याला आंघोळ घालत राहिलो, माय. त्याच्या अंगावरचा मळ बी त्याचाच असतो."

तीच आमची शेवटची भेट. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा परीक्षा चालू होत्या. मी पोचले ते सगळं झाल्यावर. छापील जगात सरांचं नाव माझ्या माहितीप्रमाणं एकाच ठिकाणी आहे, माझ्या निबंधाच्या तळटिपेत, आणि तिथं ते त्यांच्या चुकीसकट आहे. त्यांनी ते तसं मुद्दाम ठेवायला लावलं. त्याच्या जोरावर माझ्या आईचं म्हणणं उभं आहे. माझी पदवीही त्याच्यावरच उभी आहे, आणि हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

परवा आमच्या कॉलेजात एक पाहुणा आला. उदगीरकडची एक मुलगी आहे, घरातली पहिलीच शिकणारी, तिच्यासाठी मागवलेला. मी नळावर जाऊन हात धुतले. पुस्तक जुनं, कळकट, पानोपानी कुणीतरी पेन्सिलीनं काहीबाही खरडलेलं. वाचून झाल्यावर मुलगी माझ्यासमोर पुस्तक घेऊन आली. दुसऱ्या हातात खोडरबर होता.

"मॅडम, लई घाण केलंय कुणीतरी," ती म्हणाली. "परत पाठवायच्या आधी खोडून स्वच्छ करू का?"

मी खुर्ची ओढून तिला शेजारी बसवलं आणि पान दिव्याखाली घेतलं.

"काय लिहिलंय ते आधी वाच," मी म्हटलं.